कोकणची लहान बंदरे आणि जलवाहतूक

पश्चिम किनाऱ्याचा नकाशा समोर ठेवला, तर एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा किनारा सलग असा नाहीच. थोडथोड्या अंतरावर समुद्राने जमिनीत हात घातलेला आहे. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, तेरेखोल ही खाड्यांची माळ उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजीत गेले, तर कोकणचा इतिहास आणि कोकणची अडचण या दोहोंचा उलगडा एकदमच होतो. किनाऱ्याने जमिनीवरून जाणाऱ्या माणसाला प्रत्येक खाडी अडविते. परंतु पाण्यावरून येणाऱ्याला तीच खाडी मुलखाच्या आत नेऊन पोहोचविते. पाण्याकडे पाठ फिरवून रस्त्याचाच विचार केला, म्हणजे कोकण हा तुटक तुकड्यांचा प्रदेश ठरतो. पाण्याचा विचार आधी केला, म्हणजे हेच तुकडे एकमेकांना जोडलेले दिसतात.

पूर्वीच्या लोकांनी हा विचार केला होता. भरतीचे पाणी जेथवर चढते, तेथवर गलबते व मचवे नेऊन त्यांनी आपल्या बाजारपेठा वसविल्या. सावित्रीच्या काठी महाड, वाशिष्ठीच्या काठी गोवळकोटच्या बंदराआधारे चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर, अर्जुनेवर राजापूर, वाघोटणच्या खाडीवर खारेपाटण ही सर्व गावे समुद्रापासून आत आहेत, आणि तरीही ती बंदरेच होती. खाडीच्या मुखाशी जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग यांसारखे पहारेकरी किल्ले. खाडीच्या शेवटी पेठ. आणि पेठेच्या पाठीशी सह्याद्री चढून जाणारा घाट, अशी ती तीन पदरी रचना होती. चिपळुणाला कुंभार्ली घाटाने कऱ्हाडची वाट होती, राजापुराला अणस्कुऱ्याने कोल्हापूरची. मीठ, सुकी मासळी, नारळ व सुपारी घाटावर जात. धान्य, गूळ आणि कापूस खाली उतरे. बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. पुढे पाणी आणि मागे वाट असे दोन्ही असेल तरच ते बंदर, ही समज त्या रचनेत होती.

या समजुतीचा प्रत्यय वेंगुर्ल्याच्या उदाहरणाने चांगला येतो. बेळगावच्या वाचकांना हे उदाहरण जवळचे वाटेल. आगगाडी येण्यापूर्वी बेळगावची पेठ आणि तेथील छावणी यांचे समुद्रद्वार वेंगुर्ले हेच होते. आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांची रीघ लागे. पुढे १८८० नंतरच्या दशकात बेळगावपर्यंत लोहमार्ग आला, आणि १८८८ च्या सुमारास मुरगावचे बंदर घाटावरच्या रेल्वेला जोडले गेले. वेंगुर्ल्याचा समुद्र होता तसाच राहिला, धक्काही राहिला. परंतु मागची वाट दुसरीकडे वळली, आणि काही वर्षांतच व्यापार मुरगावकडे गेला. बंदरे केवळ गाळाने मरत नाहीत, ती एकाकी पडूनही मरतात.

आगबोटींचे युग कोकणच्या आठवणीत अद्याप ताजे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईहून दक्षिणेकडे आगबोटी सुटू लागल्या. प्रथम ‘शेफर्ड’च्या बोटी, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या. त्यांना शह देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वदेशीच्या काळात देशी भांडवलावर एक सहकारी कंपनी निघाली. लोकांनी तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असे आपुलकीचे नाव दिले, आणि तिच्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे मिळाली. बॉम्बे स्टीम कंपनी पुढे सिंदिया कंपनीच्या ताब्यात आली. या सिंदिया कंपनीच्या नावाशी ग्वाल्हेरचा संबंध आहे. १९१९ साली कंपनीने जी ‘लॉयल्टी’ नावाची बोट घेऊन आपल्या व्यवसायास आरंभ केला, ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडूनच विकत घेतलेली होती.

या बोटींचा प्रवास मात्र सुखाचा नव्हता. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा ठिकाणी बोट काठापासून दूर, खोल पाण्यात उभी राही. उतारूंनी शिडीवरून पडावात उतरावयाचे, पडाव वल्हवीत काठाशी न्यावयाचा, आणि ओहोटी असली तर गुडघाभर पाण्यातून किंवा खलाशाच्या खांद्यावरून किनारा गाठावयाचा, असा हा क्रम होता. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना, आजाऱ्यांना हे उतरणे म्हणजे एक दिव्यच होते. शिवाय मे महिना सरत आला की बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमा उलटल्यावर, समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू होत. तीन-साडेतीन महिने किनारा मुंबईपासून तुटे. तरीही गिरणीत काम करणारा चाकरमानी, त्याची मनीऑर्डर, देवगड-रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या, घरावरची कौले आणि शाळेची पुस्तके ही सारी या बोटींवरूनच येत-जात. कोकणचा संसार त्यांनीच चालविला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

याच काळाने एक कठोर धडाही दिला. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबई बंदराच्या तोंडाशीच वादळी लाटांत सापडून उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी घरी निघालेले ते उतारू होते. बोट बुडाल्याची वार्ता मुंबईत पोहोचण्यास कित्येक तास लागले. मधल्या वेळात ज्यांचे प्राण वाचले, त्यांतील अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले होते. जलमार्ग स्वस्त असतो, परंतु सुरक्षिततेवरील खर्च टाळून तो स्वस्त ठेवला, तर त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हे या दुर्घटनेने दाखविले.

पुढे चौगुले कंपनीच्या आणि नंतर मोगल लाइनच्या बोटी मुंबई-गोवा मार्गावर काही वर्षे धावल्या, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती सेवाही थांबली. एस्. टी. गावोगाव पोहोचली होती. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रेल्वेने कोकणावर मोठे उपकार केले यात शंका नाही. परंतु लोहमार्ग आणि महामार्ग हे दोन्ही किनाऱ्यापासून बरेच आत, सह्याद्रीच्या बाजूने जातात. किनाऱ्यावरच्या गावाला त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खाडीच्या कडेने पूर्वेकडे चाळीस-पन्नास किलोमीटर जावे लागते. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल असे वाटते, आणि तेथे जाण्यासाठी मात्र सारी खाडी वळसा घालून जावे लागते, ही कोकणातील नित्याची गोष्ट झाली.

दरम्यान खाड्याही उथळ होत गेल्या. सह्याद्रीच्या उतारावरची जंगले तुटली, म्हणजे पावसाच्या पहिल्याच झोडीबरोबर माती नदीत येते. नदीचा वेग खाडीत मंदावतो, भरतीचे पाणी तिला मागे रेटते, आणि ती माती तेथेच बसते. मुखाशी समुद्र आपल्या बाजूने वाळूचा बांध घालतो. पूर्वी रोज ये-जा करणाऱ्या गलबतांमुळे वाटेची माहिती ताजी राही. कोठे खडक, कोठे गाळ, कोणत्या तिथीला किती पाणी, हे तांडेलाला तोंडपाठ असे. वाहतूक थांबल्यावर हे ज्ञानही आटले. राजापूर-चिपळूणसारख्या पेठांना आता त्याच गाळामुळे पुराचा फटका बसतो. खाडीतील गाळ काढण्याचा प्रश्न हा केवळ नौकांचा प्रश्न नसून काठावरच्या घरांचाही आहे, हे यावरून दिसून येईल.

या पार्श्वभूमीवर २००३ सालची एक घटना फार बोलकी आहे. त्या वर्षी दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये, वाशिष्ठीच्या मुखाजवळ, माणसांबरोबर मोटारी व ट्रकही वाहून नेणारी सपाट तळाची फेरीबोट सुरू झाली. लोक तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. दापोलीकडून गुहागरकडे जावयाचे, तर चिपळूणवरून शंभर किलोमीटरांच्या घरातला वळसा पडे. तेच अंतर आता पाव तासाच्या आत पार होऊ लागले. त्यानंतर वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा खाड्यांवर तशाच फेऱ्या सुरू झाल्या.

या योजनेच्या यशाचे कारण साधे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर मोठे असते. मुंबईस उधाणाच्या दिवशी ते साडेचार-पाच मीटरांपर्यंत जाते. गोव्याकडे ते कमी होत जाऊन सुमारे दोन मीटरांवर येते. उभ्या दगडी धक्क्याला लागलेली बोट भरतीला धक्क्याच्या बरोबरीने असते, आणि ओहोटीला पुरुषभर खाली जाते. उतार असलेल्या धक्क्यावर मात्र सपाट बोट आपली फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे वर किंवा खाली टेकविते, आणि कोणत्याही वेळी माणूस चालत व गाडी चाकांवर उतरते. या सोयीसाठी मोठे बांधकाम लागले नाही, की फार खोल पाणी लागले नाही. लहान बंदराला लहान बंदराचीच युक्ती लागू पडली. रेवस-रेड्डी सागरी मार्गावर खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. ते होतील तेव्हा यांतील काही फेऱ्या थांबतील, आणि ते योग्यच होईल. परंतु पूल होईपर्यंतच्या वर्षांत माणसाने काय करावे, याचे उत्तर या बोटींनी दिले.

मुंबई आणि मांडवा यांच्यामधील सेवा हे दुसरे उदाहरण. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह उतारू नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली. सडकेने शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास पाण्याने सुमारे तासाभराचा झाला. त्यासाठी मांडव्याला लाटा अडविणारा बांध घालावा लागला, आणि तेथील गाळही वेळोवेळी काढावा लागतो. २०२५ साली मुंबईहून जयगड व विजयदुर्गपर्यंत अशी बोट नेण्याची घोषणा झाली, तेव्हा कोकणी माणसाला जुन्या आगबोटीची आठवण झाली असल्यास नवल नाही. मात्र घोषणा आणि नियमित सेवा यांत अंतर असते. मुंबईच्या जवळपास भाडे देणारा प्रवासी मिळतो. दक्षिणेच्या लहान बंदरांवर तो वर्षातील काही दिवसच मिळतो. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला, तर बोट अर्धी रिकामी जाणार हे गृहीत धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

गोव्याने हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडलेला आहे. मांडवी-जुवारीच्या पात्रांतील दिवाडी, चोडण यांसारख्या बेटांवर नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत, आणि पायी उतारूला तेथे भाडे पडत नाही. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर नव्या पद्धतीच्या मोठ्या फेरीबोटी आल्या. बेटावर राहणाऱ्याने नदी ओलांडणे ही चैन नव्हे, ते त्याचे रस्त्यावरून चालणे आहे, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

हेच तत्त्व एका दूरच्या देशाने एकशे तीस वर्षांपूर्वी अमलात आणले. नॉर्वेचा किनारा कोकणाप्रमाणेच खाड्यांनी फाटलेला, परंतु त्याहून कितीतरी लांब; हिवाळ्यात अंधाराचा आणि वादळांचा. ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला पत्र पोहोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे, तर हिवाळ्यात पाच महिनेपर्यंत लागत. सरकारने बारमाही साप्ताहिक बोटसेवेसाठी कंपन्यांना पाचारण केले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी हिवाळ्यातील रात्री त्या खडकाळ पाण्यातून जाणे अशक्य म्हणून नकार दिला. रिशार्ड विथ नावाच्या एका कप्तानाने ते काम पत्करले. त्याने आधी होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साहाय्याने प्रत्येक टप्प्याची दिशा व वेळ यांची नोंद करून ठेविली होती. २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘व्हेस्टेरालेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून निघाली आणि ६७ तासांत हामरफेस्टला पोहोचली. पुढे हा मार्ग बेर्गेनपासून किर्केनेसपर्यंत वाढला, आणि ३४ बंदरांना जोडणारा तो मार्ग आजही चालू आहे.

या यशात कप्तानाच्या धाडसाचा वाटा मोठा होताच. परंतु सरकारने चार वर्षे ठराविक वार्षिक साहाय्य देण्याचे मान्य केले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. साहाय्याच्या बदल्यात वेळापत्रक बांधून घेतलेले होते. उतारू असोत वा नसोत, ठरल्या वारी बोट सुटलीच पाहिजे. या भरवशावर कोळ्याने ताजी मासळी दूरच्या बाजारात पाठविण्यास आरंभ केला, व्यापाऱ्याने माल मागविला, आणि रिकामी वाटणारी बोट हळूहळू भरू लागली. वाहतूक वाढल्यावर सेवा द्यावी, की सेवा दिल्यावर वाहतूक वाढेल, या जुन्या वादाला नॉर्वेच्या किनाऱ्याने दिलेले हे उत्तर आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांनी भाड्याचा प्रश्न असाच सोडविला. तेवढेच अंतर मोटारीने सडकेवरून जाण्यास जो खर्च येईल, त्याच्या प्रमाणात बोटीचे भाडे बसवावे, अशी पद्धत तेथे २००८ साली काही मार्गांवर प्रयोगादाखल सुरू झाली आणि पुढे ती इतर मार्गांवर नेण्यात आली. सडकेचा खर्च सर्व समाज सोसतो. मग पाण्यावरच्या रस्त्याचा सारा भार काठावरच्या माणसानेच का सोसावा, हा त्यामागील विचार आहे. आपल्याकडे लक्षद्वीपच्या बेटांना कोचीहून जाणारी जहाजे याच न्यायाने चालतात. तेथे जहाज हा पर्याय नसून जीवनाचा आधारच आहे.

बंदरांचा विकास हा शब्द अलीकडे वारंवार कानी येतो. १९८९ साली न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले. जयगड व दिघी येथे खाजगी बंदरे झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. १९०८ सालचा बंदर कायदा जाऊन २०२५ साली नवा कायदा आला. देशाच्या व्यापाराला मोठी बंदरे हवीत हे खरे. परंतु जेथे कोळसा उतरतो आणि पेट्यांचे डोंगर चढविले जातात, त्या बंदराचा शेजारच्या वाडीला येण्याजाण्यासाठी उपयोग होतोच असे नाही. उलट, मासेमारीचे पाणी जाईल, होड्या लावण्याची जागा जाईल, ही भीती तेथील कोळ्यांना वाटते. वाढवणच्या मच्छीमारांनी ती उघडपणे बोलून दाखविली आहे. तेव्हा ‘बंदर कोणासाठी’ हा प्रश्न प्रत्येक योजनेच्या आरंभी विचारला गेला पाहिजे.

लहान बंदराच्या गरजा फार मोठ्या नाहीत. उताराचा किंवा तरंगता धक्का; मुखाशी दर वर्षी पाण्याची खोली मोजणे आणि वाटेपुरता गाळ काढणे; रात्री दिसतील असे दिवे; उतारूंसाठी छप्पर, पिण्याचे पाणी आणि शौचालय; धक्क्यापासून गावापर्यंत बस; आणि होड्यांसाठी राखून ठेवलेली स्वतंत्र जागा. लाटा व गाळ यांचे वर्तन प्रतिकृतीवर तपासून पाहण्याची सोय खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात आहे. त्या केंद्राची सुरुवात १९१६ सालची आहे. ज्ञानाची उणीव नाही. उणीव असते ती बांधून झाल्यावर सांभाळण्याची. धक्का एकदा बांधला जातो, त्याचे उद्घाटन होते; गाळ मात्र दर पावसाळ्यात नव्याने येतो, आणि त्याच्यासाठी अंदाजपत्रकात दर वर्षी रक्कम ठेवावी लागते.

सुरक्षिततेची गोष्टही तशीच नित्याची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि तेराहून अधिक माणसांचे प्राण गेले. समुद्र शांत होता, दिवस स्वच्छ होता. ‘रामदास’नंतर इतक्या वर्षांनीही उतारूच्या अंगावर तरंगते जाकीट असणे हा शिस्तीचा विषय राहिला आहे, योगायोगाचा नव्हे. बावटा लागला असता बोट न सोडणे, मोजून उतारू घेणे, तांडेल व खलाशी यांना शिक्षण देणे यांविना कोणतीही जलवाहतूक लोकांचा विश्वास मिळवू शकणार नाही.

घारापुरीचेच उदाहरण आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या दिव्यांच्या समोर असलेल्या या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून तार टाकल्यावर. अंतर केवळ काही किलोमीटरांचे होते. तरी मध्ये पाणी होते, म्हणून इतकी वर्षे लागली. किनाऱ्यावरच्या अनेक गावांचे दूरपण असेच आहे. ते मैलांत मोजून कळत नाही. रात्री अकरा वाजता प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला समोरच्या काठावरील दवाखान्यात नेता येते की नाही, मासळीला बर्फ वितळण्यापूर्वी बाजार मिळतो की नाही, आठवीनंतर मुलीची शाळा खाडीमुळे सुटते की नाही, यावरून ते मोजावे लागते. लहान बंदरांसाठी होणाऱ्या खर्चाचा हिशेब मांडताना ही मोजणी त्यात धरली, तर पाव तासाची एक फेरीबोट किती मोठे काम करते हे कळून येईल. तिच्यासाठी राखलेली रक्कम तोट्यात गेली असे मग कोणी म्हणणार नाही.